उजेडाची मोट

निळा रंग सगळ्यात लबाड. तांबडा, पिवळा, हिरवा एकदा बल्बला बसला की हंगामभर टिकायचा. निळा मात्र दिव्याच्या उष्णतेनं विटायचा आणि लांबून नुसता पांढरा दिसायचा. म्हणून निळे बल्ब आम्ही दोनदा बुडवायचो. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून त्यात रंग कालवायचा, बल्ब निखाऱ्यावर धरून कोमट करायचा, रंगात बुडवायचा आणि दोरीवर उलटा टांगायचा. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासूबाईंनी मला भाकरीच्या आधी हे शिकवलं. श्रावण उजाडला की आमच्या पुढच्या खोलीत चालायला जागा नसायची. डोक्यावर बल्बांच्या माळा, पायाखाली तारा, आणि घरभर स्पिरिटचा वास. त्या वासानं पहिला महिना माझं डोकं दुखत होतं. पुढं पुढं तो वास आला नाही तरच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आमचे मालक, म्हणजे नवरा, वायरमन. आधी एका साखर कारखान्यात होते, पण तिथं मन रमलं नाही. पाळी संपवून आले की घरी खडूनं फरशीवर चित्रं काढत बसायचे. मोर, रथ, कारंजं. मग त्या चित्रावर कामट्या वाकवायच्या, कामट्यांवर होल्डर बांधायचे, आणि सगळी आकृती बांबूच्या उंच चौकटीवर चढवायची. दिवस मावळला की अंधारात आकृती उभी राहायची आणि हलायला लागायची. शेवटी नोकरी सोडून त्यांनी हाच धंदा धरला. गणपती, उरूस, लग्नं, कारखान्याचा गळीत हंगाम, जिथं रोषणाई हवी तिथं लोक त्यांना बोलवायचे.

आकृती हलायची ती एका लाकडी रुळामुळं. लाटण्यासारखा, पण मांडीएवढा जाड रूळ. त्याच्यावर पितळी पट्ट्या ठोकलेल्या, आणि वरून तांब्याच्या जिभा टेकवलेल्या. पंख्याच्या जुन्या मोटारीवर तो रूळ फिरायचा. ज्या जिभेखाली पट्टी येईल तिच्या वाटेवरचे दिवे लागायचे, पट्टी सरली की विझायचे. एक विझायचा, शेजारचा लागायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं रथाचं चाक फिरतंय. कुठली पट्टी केवढी लांब आणि कुठं ठोकायची, हे सगळं गणित मालकांच्या डोक्यात असायचं. त्या रुळाला ते दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला मात्र होल्डर बांधायला, तारांना कथलाचा डाग द्यायला, माळा तपासायला त्यांनीच शिकवलं. शिकवताना हसायचे. "तुझा हात बारीक हाय, म्हून सांगतो. चढायला मागू नगंस म्हंजे झालं," असं म्हणायचे.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी मोट काढली.

विहीर, तिच्यावर चाक, चाकावरून विहिरीत उतरलेला दोर, दोराला चामड्याची मोट, आणि दुसऱ्या टोकाला उतारावरून चालत जाणारी दोन बैलं. बैलं खाली चालली की मोट वर यायची, काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी व्हायची आणि निळं पाणी पाटातून लांबवर पळत जायचं. पाण्याचा पाट सगळ्यात मोठा होता. त्या निळ्यासाठी आत्या आणि मी महिनाभर खपलो. आमच्या दोघींचे हात कोपरापर्यंत निळे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई; मी त्यांना आत्याच म्हणायची.

त्या वर्षी बऱ्याच मंडळांनी खर्च आवरला होता. दुष्काळात रोषणाई कसली, असं लोक तोंडावर बोलायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पण एका मंडळानं नदीकडच्या रस्त्यावर मोट उभी करायला लावली, आणि ती बघायला ही गर्दी लोटली. पूर्वेकडच्या कोरड्या गावांतनं दुष्काळी कामाला आलेली माणसं यायची, दिवसभर खडी फोडून. बायका डोक्यावरची टोपली न उतरवता उभ्या राहायच्या.  एक धनगर म्हातारा दोन-तीन वेळा आलेला मला आठवतो. खांद्यावर घोंगडं. तो मालकांजवळ आला आणि म्हणाला, "पोरा, ह्ये पानी जातंय कुठं?"

मालक हसून म्हणाले, "जातंय कुठं, बाबा? माघारी बोर्डात."

म्हातारा हसला नाही. "मंग आमच्याकडं बी एक वायर टाक की रं," म्हणाला आणि गेला.

मालकांना ते लागलं. घरी येऊन जेवले नाहीत. "पुढच्या साली दुसरं कायतरी काढतो," म्हणाले. पण पुढच्या साली साताऱ्याच्या एका मंडळाचं बोलावणं आलं, आणि त्यांना मोटच हवी होती.

साताऱ्याला मी गेले नाही. मला दिवस गेले होते. तिथं जे झालं ते मला बांबूवाल्या मामांनी सांगितलं. मामा म्हणजे मालकांबरोबर चौकट बांधायला जाणारे वयस्क गृहस्थ. त्यांचं आमचं नातं काही नव्हतं, पण घरातलेच होते. तिथं एका तळ्याच्या काठावर मोट उभी केली होती. भुरभुर पाऊस सुरू होता, आणि काठाची माती आतून भिजून मऊ झाली होती. दिवेलागणीला वरच्या चाकाचे दिवे लागेनात. मालकांनी फ्यूज काढला, खिशात टाकला आणि चढले. वर चढताना फ्यूज आपल्या खिशात ठेवायचा, म्हणजे खाली कुणी शहाणपण करून लाईट चालू करत नाही, ही त्यांची सवय. वरचा होल्डर बदलला, खाली बघून मामांना काहीतरी ओरडून सांगितलं, आणि त्याच वेळी एका बाजूचा बांबू मातीत रुतला. अख्खी चौकट वाकली. मालक पाठीवर पडले, तळ्याच्या दगडी कठड्यावर.

"पडल्याचं न्हाई, सूनबाई," मामा मला म्हणाले. "पडल्यावर जे झालं त्येचं दुक हाय. सगळी लांब सरली. हात लावू नगा, करंट हाय, करंट हाय, म्हून वरडाय लागली. मी चौकटीच्या पलीकडं अडाकलो हुतो, मला निघता यीना. मी बोंबलतोय, आरं फ्यूज त्येच्याच खिशात हाय, करंट आसंल कुठनं! कोन ऐकना. त्यो पावसात पडलेला, डोळं उगडं, आन् समद्यांकडं बगतोय."

कोणीतरी वाळकं लाकूड आणलं आणि त्यानं त्यांना ढकलून बघितलं. मग दुसऱ्या कुणी हात लावला. तेवढ्या वेळात अंगातलं किती गेलं आणि किती आधीच गेलं होतं, ते कुणालाच सांगता आलं नसतं. पण मालक ते पुढं कधी विसरले नाहीत. झोपेत बरळायचे, "धरा की रं, धरा की."

साताऱ्याहून त्यांना मिरजेला आणलं. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचली. मालक छताकडं बघत होते. डॉक्टरांनी विचारलं, "काही कळलं?" मालक म्हणाले, "कधी टोचताय?" डॉक्टरांनी टाचणी ठेवून दिली. कमरेखाली काही उरलं नव्हतं. दवाखान्याच्या त्या धावपळीतच माझं पोटातलं गेलं. त्याबद्दल घरात कुणी एक शब्द काढला नाही. काढायला जागाच नव्हती.

पुढच्या खोलीत, जिथं बल्ब टांगायचो, तिथं त्यांची खाट टाकली. सकाळी मी आणि आत्या त्यांना कुशीवर वळवायचो, पुसायचो, पाठीच्या जखमा धुवायचो. खाटेवर पडून पडून झालेल्या त्या जखमा काही केल्या भरेनात. मालक बोलके होते, ते मुके झाले. नाही तर एकदम ओरडायचे. पाणी गरम आहे, पाणी गार आहे, उशी कडक आहे. आत्या बाहेर जाऊन रडायच्या आणि डोळे पुसून आत यायच्या.

पावसाळा लागला तशी पहिल्या मंडळाची माणसं आली, सांगलीतलीच. मोट पुन्हा हवी होती. अध्यक्ष म्हणाले, "आकृती तयार हाय, मामा उभी करतील. जोडणी तेवढी कोन करंल, बगा."

मी म्हणाले, "मी करीन."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलंच नाही, मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "न्हाई. बायामाणसाचं काम न्हाई त्ये. लोकं हसतील."

आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या कधी पुरुषांच्या बोलण्यात पडायच्या नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "हसू द्यात. हसून झालं की दिवं बगतील. तिला करू दे."

मालकांनी तोंड भिंतीकडं वळवलं. तेवढंच त्यांना वळवता यायचं.

मी लुगड्यावर त्यांचा खाकी सदरा घालून जायची. मामा वर चढायचे, मी खाली तारा जोडायची. पोरं सुरुवातीला हसली. मग एकदा मी फ्यूज बांधताना त्यांच्यातला एक जण बोट लावायला आला, त्याच्यावर मी इतकी ओरडले की त्यानंतर कुणी जवळ आलं नाही. दुपारी घरी येऊन मालकांना वळवायचं, पुसायचं, परत जायचं. काम करताना हाताला स्पिरिटचा वास असायचा, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, तो कितीही धुतलं तरी जायचा नाही.

मोटेत मी एक बदल केला.

माझं माहेर कऱ्हाडच्या बाजूला, आणि आमच्या विहिरीवर इंजिन येईपर्यंत मोट होती. मालक सांगलीतच वाढलेले. त्यांच्या आकृतीत बैलं उतारावरून खाली जायची, तिथं विझायची आणि एकदम वर पुन्हा लागायची. मला ते पहिल्यापासून खटकायचं. खरी बैलं मोट उलटली की उलट्या पावलांनी उतार चढतात, मान वर करून, नाखुशीनं. लहानपणी मी वडिलांच्या शेजारी उभी राहून ते रोज बघायची. मी उताराच्या मधल्या टप्प्यांवरच्या बैलांसाठी रुळावर नव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे बैलं पावलापावलानं मागं सरतील. मालकांना विचारलं नाही. त्या वेळी त्यांना काही विचारायचं म्हणजे आधी अर्धा दिवस धीर गोळा करायचा, आणि तो मला नव्हता.

पहिल्या संध्याकाळी मोट सुरू झाली. बैलं मागं सरायला लागली तशी गर्दीतून म्हाताऱ्यांचा आवाज आला, "आरं, आरं! मागं सरत्यात बग!" मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली दोन माणसं मालकांना भेटायला आली. भेटायला आलेली माणसं चांगलं बोलतात तसं बोलली. "तुमची मोट लय भारी झालीया औंदा. बैलं काय मागं सरत्यात! खरी वाटत्यात."

मालक म्हणाले, "मागं सरत्यात?"

ती माणसं जाईपर्यंत ते थांबले. मग मला हाक मारली. "कुनाला इचारून केलंस?"

"बैलं तशीच चालत्यात. आमच्यात मोट हुती."

"मला ठावं न्हवतं व्हय? मला बी कळत हुतं. पट्ट्या मावत न्हवत्या म्हून सोडलं हुतं." मग म्हणाले, "माझी मोट इस्कटलीस तू."

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी रुळाची एक जीभ जळाली. मी रूळ घरी आणला, खाटेशेजारी ठेवला आणि तांब्याची पट्टी आणायला बाजारात गेले. परत आले तर रूळ मालकांच्या पोटावर होता आणि हातात पक्कड. आत्या स्वयंपाकघरात होत्या, त्यांना पत्ता नाही. मी ठोकलेल्या नव्या पट्ट्या त्यांनी एक एक करून उपटल्या होत्या. बाकीच्या पट्ट्यांना ओरखडासुद्धा नव्हता. धाप लागली होती, घामानं उशी भिजली होती.

"आता हाय तशी माझी," म्हणाले.

मी जीभ बदलली, रूळ उचलला आणि गेले. त्या संध्याकाळी बैलं खाली गेली, विझली, वर लागली. लोकांनी बघितलं. एक-दोन पोरं म्हणाली, "काल मागं सरत हुती की." बाकी कुणाला काही वाटलं नाही. मी घरी आले तर मालक जागेच होते.

"काय म्हनली मानसं?"

"काय न्हाई म्हनली."

 मग म्हणाले, "मला बगायचीया. मला न्या."

दुसऱ्या दिवशी मामांनी हातगाडी आणली, तिच्यावर गादी टाकली, आणि पोरांनी मालकांना उचलून ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा ते दाराबाहेर पडत होते. आत्यांनी त्यांना धुतलेला सदरा घातला, केस विंचरले, पायांवर घोंगडी टाकली. गाडी ढकलत आम्ही निघालो. रस्त्यानं मालक आकाशाकडं बघत होते, तारांकडं, खांबांकडं. "ह्यो होल्डर सैल हाय," असं मध्येच एकदा म्हणाले. मला वाटलं, आज बरं होईल.

गर्दीच्या मागं गाडी उभी केली. मोट चालू होती, त्यांची, जशीच्या तशी. निळं पाणी पाटातून पळत होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. डोळ्यांत ते निळं हलत होतं. 

मग दर्शन करून परतणारी एक बाई गाडीजवळ थांबली. चांगल्या घरची, हातात प्रसादाची पिशवी. तिनं मालकांकडं बघितलं, पायांकडं बघितलं, पिशवीतून एक केळं काढलं आणि घोंगडीवर ठेवलं. "खा, बाबा," म्हणाली. तिच्या बोलण्यात माया होती. तिच्या मागून येणाऱ्या म्हाताऱ्यानंही हात जोडले आणि खोबऱ्याचा तुकडा केळ्याशेजारी ठेवला.

मामा पुढं झाले. "आवं बाई, ह्ये भिकारी न्हाईत. ही मोट ह्येंचीच–"

"मामा," मालक म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. घरी चला."

केळं उचलायला कुणाचा हात होईना. घरापर्यंत ते घोंगडीवर तसंच हलत राहिलं.

घरी खाटेवर ठेवल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मी दिवा कमी करायला उठले तर म्हणाले, "तुझी बैलं कशी सरायची मागं? दाव."

मी खडू घेतला आणि खाटेशेजारी फरशीवर बसून काढून दाखवलं. चार पावलं खाली, चार पावलं माघारी, कुठली पट्टी कुठं. ते मान कलती करून बघत होते. एका ठिकाणी म्हणाले, "हितं पट्टी लांब कर. बैल माघारी सावकाश येतंय. तू घाई केलीस." ते बरोबर होतं. मग म्हणाले, "बसव उद्या."

मी बसवल्या. विसर्जनापर्यंत मोट तशीच चालली. त्यांनी पुन्हा बघायला न्या म्हटलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या थंडीत जखमांतून ताप चढला आणि उतरलाच नाही. शेवटचे काही दिवस ते मला ओळखत नव्हते, मामांना ओळखत होते. गेले तेव्हा मामांचा हात हातात होता. मला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

मोटेच्या कामट्या आत्यांनी पाणी तापवायला चुलीत घातल्या. मी अडवलं नाही. बांबू मामा घेऊन गेले. पुढं चार-पाच वर्षं मी लायटिंग केलं, पण आकृती एकही काढली नाही. रस्त्यावरून आडव्या माळा, दारावर तोरण, लग्नाच्या मांडवात चार झुंबरं. मालकांच्या कामात होती ती जान हिच्या कामात नाही, असं लोक म्हणायचे. माझ्या कानावर यायचं. त्यांचं खरंच होतं. मला रात्री डोळे मिटल्यावर काही हलताना दिसायचं नाही, त्यांना दिसायचं.

मामा थकले आणि लेकीकडं कऱ्हाडला गेले. वर चढायला भरवशाचं माणूस मिळेना. आत्या गेल्यावर मी सामान एका पोराला देऊन टाकलं आणि मोटारी भरायच्या एका दुकानात कामाला लागले. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उसवायची आणि नवी गुंडाळायची. दुकानदार चांगला होता. मला खिडकीजवळची जागा दिली होती. तार केसासारखी बारीक, दिवसाच्या उजेडात बरी दिसायची.